वहीत नसलेला धागा

"पुरावा सापडला, मॅडम!" असं म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये तिच्या काळ्या कोटाच्या खांद्यावरून चिमटीत काहीतरी उचललं आणि दिव्यापुढे धरलं. काका निवृत्त होते, दिवसाला तीन गुन्हेमालिका बघत होते, आणि प्रयोगशाळेत काम करणारी बाई आपल्याच इमारतीत, आपल्या खालच्याच मजल्यावर राहते याचा त्यांना स्वतःच्या दोन्ही जावयांपेक्षा जास्त अभिमान होता. हा विनोद ते महिन्यातून दोनदा तरी करत. ती नेहमीसारखी हसली. निम्मं हसून झालं असेल, तेवढ्यात तिची नजर त्यांच्या चिमटीवर गेली आणि उरलेलं निम्मं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. विटकरी लोकरीचा, बोटाच्या पेराएवढा धागा. आणि त्याला बिलगून, त्याच्या पिळात पीळ घालून बसलेला एक करडा तंतू. "काका, तो इकडे द्या जरा," ती म्हणाली. "बघा! खरंच ठेवून घेतायत!" काका भलतेच खूश झाले. तिनं पर्समधून आजच्या व्याख्यानाचं निमंत्रणपत्र काढलं, अर्धं फाडलं, तीन उभ्या आणि दोन आडव्या घड्या घालून पुडी केली आणि धागा आत टाकला. अठ्ठावीस वर्षं हात हेच करत आले होते, त्यांना विचारावं लागलं नाही. लिफ्ट खाली टेकली. "मग खुनी कोण?" काकांनी डोळे मिचकावून विचारलं, आणि ती पुडी पर्समध्ये टाकून बाहेर पडली.

वाचनालय पायी पंधरा मिनिटांवर होतं. थंडी चांगलीच पडली होती, रस्त्यावरची माणसं खिशात हात घालून, मान आत ओढून चालत होती. तिच्या कोटाच्या बाहीतून स्वेटरची बाही बोटभर बाहेर डोकावत होती. नेहमीच डोकावायची. धागा खांद्यावर कसा आला, असा प्रश्न तिला पडला आणि दोन पावलांत उत्तरही मिळालं: पर्सचा पट्टा वर सरकवताना मनगट तिथंच घासतं. उत्तर मिळाल्याचा क्षणभर आनंदसुद्धा झाला, इतकी ही सवय वाईट. मग आनंद ओसरला आणि मागचं सगळं पुढे येऊन उभं राहिलं. ती न्यायसहायक प्रयोगशाळेत तंतुविभागाची प्रमुख होती. केस, लोकर, सूत, गालिच्याचे धागे, बाहुलीच्या डोक्यावरचे नायलॉनचे केससुद्धा तिच्या मायक्रोस्कोपखालून गेले होते. कार्यालयात तिला पाठीमागे सगळे भिंगबाई म्हणत. ते तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात एक म्हातारा घड्याळजी त्याच्या दुकानात मेलेला सापडला, डोक्याला मार लागून. त्या संध्याकाळी दुकानातल्या विजेचा बिघाड काढायला एक वायरमन आला होता. त्याच्या गळ्यात विटकरी मफलर होता. घड्याळजीच्या कोटावर चार विटकरी तंतू सापडले. तिनं अहवाल दिला: रंग, जाडी आणि रचना यांत मफलरच्या तंतूंशी भेद आढळला नाही. एवढंच. तंतू त्याच मफलरचे, खून त्यानंच केला, असं तिनं कुठंही लिहिलं नव्हतं. पण दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत: मफलरनं पकडून दिला मारेकरी. वायरमनचं नाव त्या दिवसापासून मफलरवाला पडलं. तो अजून कोठडीत होता आणि सोमवारी तिची कोर्टात साक्ष होती.

ते कात्रण तिनं जपून ठेवलं होतं. आपण तसं लिहिलेलं नाही, असं दोघातिघांना सांगितलंही होतं, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला विनयच वाटावा. इमारतीतल्या लोकांनी गच्चीवर बोलावून तिचा सत्कार केला. भाजीवाल्यानं "तुम्ही त्या मफलरवाल्या ना?" असं विचारलं तेव्हा तिला रागही आला आणि बरंही वाटलं, आणि आज रस्त्यानं चालताना ते बरं वाटलेलंच आधी आठवलं. त्याची लाज वाटली. अहवालाच्या दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत तिनंच लिहिलेलं एक वाक्य होतं: एक करडा तंतू, विटकरी तंतूसोबत, स्रोत अज्ञात. मफलर नुसता विटकरी होता, त्यात करडं काही नव्हतं. घड्याळजीच्या दुकानात धूळ, झाडण्याचे फडके, गिऱ्हाइकांचे कोट. एक करडा तंतू कुठूनही आला असेल. तिनं तो असंबद्ध ठरवला. पोलिसांनी ती ओळ वाचली नाही. वकिलांनीही वाचली नसावी. ती ओळ कुणी वाचणारच नाही हे लिहिताना तिला कुठंतरी ठाऊक होतं का, हा प्रश्न मात्र तिनं रस्ता ओलांडेपर्यंत पुढे ढकलला.

हा स्वेटर सासूबाईंनी विणलेला. सासूबाईंचं आणि तिचं फार सख्य नव्हतं, भांडणही नव्हतं. दोघी एकमेकींना अंगापासून हातभर दूर धरून पंचवीस वर्षं एका घरात राहिल्या. सुरुवातीला सासूबाई तिला दारातच हात धुवायला लावत. "मेलेल्यांचे कपडे चिवडून येतेस, आधी साबण लाव," म्हणत, आणि ती संध्याकाळी दमून आलेली असताना बाहेरच्या नळावर, शेजाऱ्यांच्या देखत, कोपरापर्यंत हात घासत उभी राही. मग टीव्हीवर मालिका सुरू झाल्या. चकचकीत काचेच्या प्रयोगशाळा, उंच टाचांच्या बुटांत वावरणाऱ्या तरुण तज्ज्ञ बायका, दीड मिनिटात पडद्यावर झळकणारं गुन्हेगाराचं तोंड. सासूबाईंनी मत बदललं. "आमची सूनबाई पण तेच करते," असं त्या फोनवर सांगताना तिनं ऐकलं आणि आपल्या गळक्या छताच्या, डगमगत्या स्टुलांच्या विभागाची आठवण होऊन तिला हसू आलं. पुढे सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी त्या वर्षी त्यांनी लोकर मागवली. "थंड असतं म्हणतेस ना तिथं," एवढंच बोलल्या. माप मागायला त्या कधी आल्या नाहीत; मुलाच्या हातावर घेतलं असावं, म्हणून बाह्या लांब. आणि लोकर पुरली नाही. कोपराच्या खाली त्यांनी विटकरीबरोबर घरातला उरलेला करडा धागा धरला आणि दोन्ही एकत्र विणत गेल्या. दिसायला ते विचित्र दिसे. जणू कुणाचे तरी दुसऱ्याचे हात आपल्याला जोडले आहेत, असं तिला पहिल्यांदा घालताना वाटलं होतं. तिनं "छान आहे" म्हटलं आणि घडी घालून ठेवून दिला. सासूबाई गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी गेल्या, आणि त्यानंतर तिनं तो काढला.

आणि इथं ती वही येते. विभागात धाग्यांची वही नावाची एक जाडजूड वही होती आणि ती तिनंच सुरू केलेली होती. तपासणीच्या खोलीत जो कुणी ज्या कपड्यात जाईल, त्यानं आधी त्या कपड्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा कापून वहीत चिकटवायचा, पुढे तारीख आणि सही. म्हणजे पुढे मायक्रोस्कोपखाली एखादा अनोळखी तंतू आला, तर पहिल्यांदा वही उघडून बघायचं, हा आपलाच तर नाही. साहेबांच्या लग्नातल्या सुटापासून झाडूवाल्या मावशींच्या शालीपर्यंत सगळे त्या वहीत होते. वही भरली नाही म्हणून तिनं एकाला दिवसभर खोलीबाहेर बसवलं होतं. गेल्या हिवाळ्यात खोलीतला हीटर नऊ दिवस बंद पडला. तिनं एप्रनच्या आत स्वेटर घातला. वहीसाठी धागा कापायला कात्री हातात घेतली, बाही उलटी केली आणि आतल्या बाजूला सासूबाईंनी धागा संपवून मारलेली गाठ दिसली. डोळ्यांनी नीट न दिसणाऱ्या बाईनं बोटांनी चाचपून मारलेली, दोनदा घट्ट केलेली गाठ. सासूबाईंना जाऊन महिना झाला नव्हता. कापवेना. एप्रनच्या आत तर आहे, कुठं लागणार आहे, असं म्हणून भिंगबाईंनी कात्री खाली ठेवली. लांब बाह्या दुमडून एप्रनच्या कफात कोंबल्या, आणि घड्याळजीच्या कोटावर ओणवं होऊन चिकटपट्टीनं तंतू उचलायला लागल्या.

वाचनालयाच्या सभागृहात साठसत्तर माणसं आली होती. ग्रंथपालांनी ओळख करून देताना मफलर हा शब्द तीनदा उच्चारला, प्रकरण कोर्टात असल्यानं त्यावर बोलायचं नाही असं आधी ठरलेलं असूनही. विषय होता न्यायसहायक विज्ञानाची तोंडओळख. तिनं नेहमीची सुरुवात केली. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की देवघेव होते; थोडं या अंगाचं त्या अंगाला जातं, थोडं त्याचं इकडे येतं; आमचं सगळं शास्त्र या देवघेवीवर उभं आहे. हे वाक्य तिनं शंभरदा म्हटलं असेल, आज ते तिच्या तोंडून बाहेर पडून परत तिच्याकडेच आलं. मग तिनं स्लाइड दाखवायला सुरुवात केली. केस, परागकण, काचेचा कपचा. आणि शेवटची स्लाइड लागली तेव्हा सभागृहात एकदम कुजबुज झाली. तीच होती. घड्याळजीच्या कोटावरचा तंतू, चारशे पट मोठा, भिंतभर. नाव न घेता दाखवली तर कुणाला कळतंय, असं तिनं रात्री स्लाइड लावताना स्वतःला सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. सगळ्यांना कळावं म्हणूनच तर लावली होती. भिंतीवर विटकरी दोरखंड पसरला होता आणि त्याला वेटोळं घालून करडा. लिफ्टमधल्या दिव्यापुढे काकांनी धरला होता तसाच. पुडी तिच्या पर्समध्ये होती, पर्स टेबलावर, आणि टेबल तिच्यापासून वीतभर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न. एका गृहस्थांना एका केसावरून माणसाचा पत्ता कळतो का हे हवं होतं. कळत नाही, म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "निकाल यायला किती मिनिटं लागतात?" "तीन महिने. गर्दी असली तर सहा," असं सांगितल्यावर सगळे हसले, त्यांना ती गंमत वाटली. "तुमच्यापुढे खोटं बोलणारा लगेच सापडत असेल, नाही?" कुणीतरी मागून विचारलं. तिनं पाण्याचा घोट घेतला. तिसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर विणकाम. व्याख्यानभर तिच्या सुया चालल्या होत्या आणि तिनं एकदाही खाली बघितलं नव्हतं. ती आता सुया थांबवून म्हणाली, "त्या तांबड्याला तो करडा का चिकटलाय हो?" ग्रंथपाल पुढे झाले. "आजी, तांत्रिक प्रश्न आपण शेवटी घेऊ." "तांत्रिक कसला डोंबलाचा?" आजी म्हणाल्या. "लोकर कमी पडली की आम्ही असाच दुसरा धागा सोबत घेतो. चिकटलेला नाही तो, सोबत विणलाय. हातानं विणलेल्या कशाचं तरी आहे हे. आणि मफलर बाजारचा होता, असं पेपरात होतं."

साठसत्तर माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिला त्यांच्या तोंडावर दिसत होतं की आता ही एका वाक्यात आजींना गप्प करणार. तसं वाक्य तिच्याजवळ होतं. दुकानातली धूळ, गिऱ्हाइकांचे कोट, स्रोत अज्ञात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिनं अशी वाक्यं डझनानं साठवली होती. तिचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि बाहेर डोकावणारी बाही त्यानं कोटात ढकलली. मग तिनं ती परत बाहेर ओढली. "माहीत नाही," ती म्हणाली. माइकमधून ते फारच मोठ्यांदा ऐकू गेलं. "आजी म्हणतात ते बरोबर असावं. मला ते आज कळलंय. संध्याकाळपर्यंत नक्की सांगता येईल, पण तुम्हाला नाही, कोर्टाला." लोकांना काही कळलं नाही. तज्ज्ञ म्हणून बोलावलेली बाई माहीत नाही म्हणते, म्हणजे फसवणूकच. दोघं उठून गेले. तिला मात्र सकाळपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी एका बाजूनं उचलल्यासारखं वाटलं. आजींनी सुया पुन्हा सुरू केल्या होत्या.

शनिवार होता, प्रयोगशाळा अर्धा दिवसच चाले. ती पोचली तेव्हा तंतुविभागात फक्त धाकटी होती. विभागात दोनच परीक्षक, एक ती आणि दुसरी ही, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी पस्तिशीची होती, फार बोलत नसे, आणि वहीतली तिची नोंद कधी चुकलेली नव्हती. "मॅडम, तुम्ही? भाषण होतं ना आज?" ती आतून म्हणाली. "आत येत नाही मी. एक वस्तू जमा करायला आलेय," भिंगबाई म्हणाल्या. तिनं पोलीस पाकिटं घेऊन उभे राहतात त्या खिडकीशीच उभं राहून तपकिरी कागद मागितला, जमिनीवर पसरला, त्यावर उभी राहिली, कोट काढला आणि मग स्वेटर. डोक्यावरून काढताना लांब बाह्या उलट्या झाल्या आणि ती क्षणभर आत अडकली, विटकरी अंधारात, आणि तिला सासूबाईंच्या कपाटाचा वास आला, किंवा आला असं वाटलं. धाकटी बघत उभी होती. तिनं आधी स्वेटरकडे बघितलं, कोपराखालच्या करड्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "मॅडम, वहीत..." "नाही," ती म्हणाली. "वहीत नाही." जमा करण्याच्या फॉर्मवर एक रकाना होता: जमा करणाऱ्याचा प्रकरणाशी संबंध. हा फॉर्मही तिनंच तयार केला होता. तिनं आधी परीक्षक लिहिलं. खोडलं. वस्त्राची मालक, असं लिहून सही केली, आणि पुडीही सोबत दिली.

तपासणी धाकटीच करणार. आपल्या वस्तूची तपासणी आपण करायची नाही, त्या खोलीत पायसुद्धा ठेवायचा नाही. ती बाहेरच्या बाकावर बसली. या बाकावर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. लाकडी, अरुंद, पाठ टेकली तर डोकं भिंतीला लागे अशी बैठक. इथं नातेवाईक बसत. त्यांना इथं बसून काहीही मिळत नसे, निकाल पोलिसांकडे जातो असं त्यांना सांगितलं जाई, तरी ते येत. गेल्या वर्षी इथंच मफलरवाल्याची आई बसली होती. कापडी पिशवी मांडीवर, आणि पिशवीच्या बंदाला दोन्ही हातांचा विळखा. ती जेवायला बाहेर पडली तेव्हा बाई उठून उभी राहिली. "मफलर मीच घेतला होता बाई, बाजारातून. ढीग होता तिथं. तसे शंभर तरी असतील." तिनं तेव्हा बाईकडे बघितलंही नव्हतं नीट. "मला तुमच्याशी बोलता येत नाही," ती म्हणाली होती आणि चालू लागली होती. नियम तसाच होता आणि ती नियमानं वागली होती. पण त्या दुपारी जेवताना, तसे शंभर असतील हे वाक्य अहवालात कुठंतरी यायला हवं, असा विचार तिच्या मनात आला होता आणि तिनं तो ताटाबरोबर धुऊन टाकला होता. आता या बाकावर बसल्यावर तिला कळलं की इथून तपासणीच्या खोलीचं दार दिसतं, दाराच्या जाड काचेतून फक्त पांढरी हालचाल दिसते, आणि प्रत्येक वेळी ती हालचाल दाराजवळ आली की माणूस उठून उभा राहतो. ती चारदा उठली. हात उघडे होते, रोम उभे राहिले होते. आपली चूक नसूदे, असं पहिला तासभर तिच्या मनात चाललं होतं. कोठडीतला माणूस, सोमवारची साक्ष, वर्तमानपत्रं, कात्रण, गच्चीवरचा सत्कार. आपली नसूदे, मग फक्त वहीत नोंद नव्हती एवढंच निघेल, त्याची शिक्षा काय असेल ती घेऊ. दुसऱ्या तासात कधीतरी ते उलटं झालं, आणि कधी झालं हे नंतर आठवूनही तिला सापडलं नाही. असूदे, असं ती म्हणू लागली. आपलीच असूदे. आपली असली तर आज शनिवार आहे, अजून साक्ष झालेली नाही, अजून सगळं परत घेता येतं.

दार उघडलं. धाकटी एप्रन काढून आली होती, हातात कागद. समोर उभी राहिली, बसली नाही. "रंग, जाडी आणि रचना यांत भेद आढळला नाही," ती म्हणाली, कागदाकडे बघत, आणि मग एकदम ओठ चावून थांबली. ते वाक्य लिहायला तिला भिंगबाईंनीच शिकवलं होतं. "विटकरी मफलरशीही जुळतो, मॅडम. एकाच रंगाच्या लोकरी आहेत, बाजारात हीच चालते. पण करडा मफलरमध्ये कुठंच नाही. तो तुमच्या बाहीत आहे. पीळ पण तसाच." "म्हणजे माझे." "तुमचे." धाकटीला वाटत होतं की आता मॅडम कोसळतील. तिनं हात पुढे करून ठेवला होता. मॅडमनी तो हात धरला आणि दीर्घ श्वास सोडला, इतका की त्या दोघींनाही हसू आलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं बाई, वेळेत झालं." आणि मग थोडी रडलीसुद्धा, पण ते रडणं वाईट नव्हतं, पाय दुखेपर्यंत चालल्यावर बूट काढावेत तसं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" ते म्हणाले. "एका आजीनं विचारलं, साहेब." "बाई, चेष्टा करू नका. वर्तमानपत्रं आपल्याला फाडून खातील. लोकांचा विश्वास उडेल." तिला त्यांचा राग आला नाही. ते वाईट नव्हते, भित्रे होते, आणि सकाळपर्यंत तीही तशीच होती. "आपण कधी चुकत नाही, असा विश्वास होता साहेब. तो उडालेला बरा," ती म्हणाली. फोन ठेवला आणि नवा अहवाल लिहायला बसली. चार विटकरी तंतू आणि एक करडा तंतू परीक्षकाच्या वस्त्रातून आले असावेत. परीक्षकानं वहीत नोंद केली नव्हती. आरोपीच्या मफलरशी त्यांचा संबंध धरता येत नाही. हातानं लिहिलं, एका दमात, कुठंही न खोडता. मग धाकटीकडून स्वेटरच्या बाहीतला एक धागा मागून घेतला. गाठीजवळचा नको, म्हणाली. वही उघडली आणि आजच्या तारखेला तो चिकटवला, वर्षभर उशिरा. खाली सही करताना सासूबाईंचं नाव लिहावं असं मनात आलं, पण वहीत तसा रकाना नव्हता.

घरी नवऱ्यानं दार उघडलं आणि आधी तिच्या हातांकडे बघितलं. "स्वेटर कुठंय?" "जमा केला." "परत मिळेल?" "नाही. प्रकरणात राहणार आता." तो आईच्या आठवणीनं जरा हलला असावा, चहा टाकायला आत गेला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला सगळं सांगत गेली, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच पहिल्यांदा दिसलं की सासूबाईंची लोकर जर पुरली असती, तर बाही नुसती विटकरी झाली असती. मग करडा नसता. काकांच्या चिमटीतला धागा बघून ती हसून पुढे गेली असती, आजींना विचारायला काही उरलं नसतं, आणि सोमवारी तिनं शपथ घेऊन नीट, सौम्य शब्दांत एका माणसाला आत ठेवलं असतं. "तुझ्या आईची लोकर कमी पडली म्हणून," ती म्हणाली. "मी त्या बाह्या चारचौघांत दुमडून ठेवत होते रे. लाज वाटायची." नवरा चहा गाळत होता. "तिला माहीत होतं ते," तो म्हणाला. "म्हणायची, दुमडते म्हणजे घालते तरी." तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि चहा पिऊन टाकला.

सोमवारी कोर्टात ती पाऊण तास उभी होती. सरकारी वकिलांनी तीनदा तिचं म्हणणं दुसरीकडे वळवून बघितलं, ती तीनदा परत तिथंच आली. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून सांगताय?" "हो." मागच्या बाकांवरून कुणीतरी चुकचुकलं. उद्याच्या मथळ्याचा अंदाज तिला आला होता आणि तो चांगला नसणार होता. त्याचं तिला वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पिंजऱ्यातला वायरमन तिच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता, पण त्याचे खांदे सकाळी होते त्यापेक्षा खाली आले होते. मफलरखेरीज त्याच्याविरुद्ध फार काही नाही, असं वकील आपसांत बोलताना तिनं ऐकलं. आठवड्याच्या आत जामीन होईल, म्हणत होते. ती बाहेर आली तर व्हरांड्यात बाकावरची ती बाई उभी होती, तीच कापडी पिशवी. दोघी समोरासमोर आल्या. बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग करायला लागतो तेवढा जोर तिनं वर्षभरात बाकांवर बसून संपवला असावा. "तसे शंभर असतील म्हटलं होतं मी," ती म्हणाली, बाजारात कुणाला काही सांगावं इतक्या साधेपणानं. भिंगबाईंची साक्ष संपली होती. आता बोलायला कुणाची आडकाठी नव्हती.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही." बाईनं मान हलवली, पिशवीचा बंद सोडला आणि मुलाला आणतील त्या दाराकडे चालू लागली.